आखूड नळी आणि दारूची निवड

गेल्या महिन्यात टेक्सासच्या भाच्याचा मेसेज आला. माझा फोन चार्जिंगला लावलेला, त्यामुळे तो आधी आमच्या सौभाग्यवतींनी वाचला. मेसेज असा होता : "मामा, नवीन घेतलंय. आखूड आहे. कोणती दारू चांगली? तुमच्याइतका अनुभव कुणाला नाही."

पुढचा अर्धा तास घरात काय झालं ते सांगत नाही. ज्यांची पेन्शन घरी जमा होते त्यांना कल्पना येईल.

खुलासा असा. भाच्याने दोन इंची नळीचं, पाच गोळ्यांचं, हलक्या धातूचं .३८ स्पेशलचं रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. तिकडे नेमबाजीचे शौकीन रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवतात आणि घरच्या टेबलावर स्वतः काडतुसं भरतात. नवी टोपी, मोजून दारू, वर गोळी. पुंगळी पितळेची, ती पुन्हापुन्हा वापरता येते, म्हणून स्वस्त पडतं. त्याला हवी होती ती बंदुकीची दारू. त्याचा पुढचा मेसेज : "जास्तीत जास्त वेग देणारी सांगा."

आपल्याकडच्या वाचकांसाठी आधीच सांगतो. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, आणि .३८ बोअर तर सामान्य परवान्यावर मिळतच नाही. तेव्हा घरी करून बघण्यासाठी हा लेख नाही. पण भाच्याला उत्तर द्यायला बसलो आणि मन थेट कलकत्त्याला गेलं. कारण दारूबद्दल मला जे खरं शिकायला मिळालं, ते त्या पोस्टिंगमध्ये, आणि तेही माझ्या चुकीमुळे.

मी ईएमईचा आर्मरर. हत्यारं उघडायची, तपासायची, दुरुस्त करायची, कोतात परत लावायची. कलकत्त्याची बदली आली तेव्हा साताऱ्याच्या कोरड्या हवेत वाढलेल्या माणसाला पहिला धक्का दमटपणाचा बसला. फोर्ट विल्यमच्या भिंतींना पावसाळ्यात घाम फुटतो. सकाळी पुसून तेल दिलेल्या लोखंडावर चार दिवसांत तांबूस झाक दिसू लागते. (त्या किल्ल्याचं नाव आता विजय दुर्ग झालंय, आणि सेंट जॉर्ज गेटचं शिवाजी गेट. आम्ही होतो तेव्हा हे असतं तर गेटवरून रोज छाती फुगवून गेलो असतो.)

सुट्टीच्या दिवशी मी सियालदहहून लोकल पकडायचो. उत्तरेला जाणारी ही लाइन आर्मररसाठी तीर्थयात्राच आहे. आधी दमदम लागतं. १८४६ पासून तिथे काडतुसांचा कारखाना. तिथल्याच कॅप्टन बर्टी-क्ले यांनी १८९० च्या दशकात .३०३ च्या गोळीचं टोक उघडं ठेवून ती 'दमदम' गोळी केली, जी १८९९ च्या हेग परिषदेत निषिद्ध ठरवली गेली. जगातल्या किती भाषांत हे स्टेशनचं नाव शिरलं असेल! पुढे बराकपूर, मग पलता, मग इछापूर. इछापूरला १७८७ साली कंपनीने दारूचा कारखाना काढला. बिहारचा सोरा गंगेतून होड्यांनी यायचा, त्यात कोळसा आणि गंधक मिसळून काळी दारू व्हायची. जॉन फार्कर नावाचा एक स्कॉट या पलत्याच्या दारूवर इतका गब्बर झाला की १८२२ मध्ये त्याने इंग्लंडमधला फॉन्टहिल ॲबीचा राजवाडा विकत घेतला. तीन वर्षांत त्याचा मनोरा कोसळला ती गोष्ट वेगळी. त्याच इछापूरच्या जागेवर पुढे १९०४ मध्ये रायफल फॅक्टरी आली.

दारूच्या जागी रायफल का आली, तर तोवर काळ्या दारूचे दिवस भरले होते. बिनधुराची दारू आली होती, इंग्रजांची ती कॉर्डाइट. आता भाच्याच्या प्रश्नाची किल्ली इथे आहे, म्हणून दोन वाक्यं जास्त लिहितो.

काळी दारू अशक्त. तिला जागा भरपूर लागते, म्हणून त्या काळच्या पुंगळ्या लांब. वेब्ली रिव्हॉल्व्हरचं .४५५ चं काडतूस असंच लांब पुंगळीचं होतं. त्यात कॉर्डाइट भरायला लागले तेव्हा थोड्याशाच दारूत काम भागू लागलं आणि पुंगळीत पोकळी राहू लागली. पोकळीत दारू कधी टोपीकडे साचते, कधी गोळीकडे. त्याप्रमाणे ती कधी अशी पेटते, कधी तशी. इंग्रजांनी यावर साधा उपाय केला. १८९७ च्या मार्क टू काडतुसात पुंगळीच आखूड केली.

अमेरिकेत मात्र .३२ लाँग (१८९६) आणि .३८ स्पेशल (१८९८) या पुंगळ्यांनी काळ्या दारूच्या जमान्यातली आपली लांबी तशीच ठेवली. त्या आजही तशाच आहेत. म्हणजे भाच्याच्या हातात जी पुंगळी आहे, तिच्यात आजची दारू घातली की बरीचशी पुंगळी रिकामीच राहते. त्या रिकाम्या जागेत काय लपतं, ते मी कलकत्त्यात पाहिलं.

बराकपूरकडे एक निवृत्त ऑनररी कॅप्टन साहेब राहायचे. मूळचे आरा जिल्ह्यातले. परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर, तीन इंची नळी. मला 'उस्ताद' म्हणायचे आणि प्रत्येक भेटीत सत्तू खाऊ घालायचे. एका रविवारी त्यांच्याबरोबर रेंजवर गेलो. त्यांच्याकडे खडकीची जुनी काडतुसं होती, बरीच वर्षं रिव्हॉल्व्हरमध्ये भरून ठेवलेली. बंगालची हवा, म्हणून साहेब दर आठवड्याला हत्याराला तेल द्यायचे. सढळ हाताने. भरलेल्या काडतुसांसकट.

त्यांनी काडतुसं माझ्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, "चलेगा उस्ताद?"

मी फिरवून पाहिली. पितळ चकचकीत, टोपीला गंज नाही, गोळी घट्ट बसलेली. म्हणालो, "चलेगा साहब."

पहिल्या दोन गोळ्या ठीक गेल्या. तिसरीला आवाज आला तो 'टुप्प' असा. जड पुस्तक गादीवर पडावं तसा. धक्का नाही, टार्गेटवर भोक नाही. साहेबांना वाटलं काडतूस फुसकं निघालं. आणि जुना फौजी काय करतो? फुसकं निघालं की पुढचं. त्यांचं बोट चापावर पुन्हा दाबलं जात होतं, चक्री फिरायला लागली होती. मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. एवढं आठवतं की माझी मूठ त्यांच्या मनगटावर आणि चक्रीवर होती, आणि साहेब मला भोजपुरीत काहीतरी म्हणत होते जे इथे लिहिता येणार नाही.

हत्यार मोकळं केलं. नळीतून पाहिलं तर उजेड दिसेना. गोळी नळीत इंचभर जाऊन बसली होती. दारू पेटलीच नव्हती. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी पुंगळीतून निघून नळीत शिरली होती. मागून दुसरी गेली असती तर नळी फुटली असती, आणि हत्यार डोळ्यांपासून दोन फुटांवर होतं.

पितळी गज घालून गोळी काढली. मग उरलेली काडतुसं वर्कशॉपच्या टेबलावर उघडली. पुंगळी अर्ध्याहून जास्त रिकामी, आणि तळाशी तेलाने चिकटलेला दारूचा काळपट गोळा. दोन काडतुसांत तसं, बाकीच्यांत सुकी दारू. बाहेरून मात्र सगळी सारखीच चकचकीत.

साहेब एका शब्दाने बोलले नाहीत. परतीच्या गाडीत फक्त म्हणाले, "उस्ताद, ऊपर से तो ठीक ही था." त्यांनी मला माफ करायला म्हटलं होतं. पण माझं काम वरून बघण्याचं नव्हतं. 'किती वर्षांची? तेल लावता का?' एवढे दोन प्रश्न विचारायचे होते. ते मी विचारले नाहीत, कारण सत्तू पोटात होता आणि उन्हं चढत होती.

म्हणून भाच्याला मी वेगाचं उत्तर दिलंच नाही. एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यातला मुद्द्याचा भाग इथे देतो.

"बाळा, आखूड नळीला फार भरभर जळणारीच दारू लागते, नाहीतर ती नळीबाहेर जळते, असं तुला सगळे सांगतील. ते अर्धंच खरं. दाबाचा कळस गोळी जेमतेम हलते तेव्हाच येऊन जातो. लांब नळीत जी दारू जास्त वेग देते, तीच बहुतेक वेळा आखूड नळीतही जास्त देते. पण मॅग्नमसाठीच्या सावकाश दारूबरोबर दोन इंचांच्या तोंडाशी आगीचा गोळा निघतो, कान फाटतात आणि अर्ध्या किलोच्या आतलं ते हलकं रिव्हॉल्व्हर हातात उडी मारतं. त्या उडीने चक्रीतल्या बाकीच्या काडतुसांच्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात आणि चक्री अडकते. म्हणून पुंगळीचं तोंड गोळीवर नीट आवळायला विसरू नकोस. थोड्या वेगासाठी एवढं कशाला?

"दुसऱ्या टोकाला बुल्सआयसारखी फार भरभर जळणारी दारू. आखूड नळीत ती गुणी आहे, मापातून छान पडते, धक्का मऊ. पण ती लागते चिमूटभर. .३८ च्या लांब पुंगळीत चुकून दोनदा पडली तरी पुंगळी भरल्यासारखी दिसत नाही. दोनदा पडलेली दारू तुझी चक्री फोडेल. अजिबात न पडलेली माझ्या साहेबांसारखी गोळी नळीत अडकवेल. दोन्ही चुका त्याच पोकळीत लपतात.

"मी तुझ्या जागी असतो तर मधली, फुगीर दारू घेतली असती. युनिकसारखी. १९०० सालापासून चालत आलेली आहे. तिच्या चपट्या कपच्या मापातून जरा वेड्यावाकड्या पडतात, म्हणून तराजूवर तपासत राहावं लागतं. पण ती पुंगळीत जागा व्यापते. कमी-जास्त झालं तर डोळ्यांना दिसतं. दारू अशी निवडावी की आपली चूक आपल्याला दिसेल.

"माप माझ्याकडून घेऊ नकोस, कुणाच्याच तोंडी घेऊ नकोस. दारूच्या कंपनीने छापलेलं पुस्तक घे. वरची मर्यादा ओलांडायची नाही आणि खालचीही नाही. रिव्हॉल्व्हरची चक्री आणि नळी यांमध्ये फट असते, तिथून गॅस गळतो, म्हणून फार कमी दारूत तांब्याच्या आवरणाची गोळी अडकू शकते. सरावाला शिशाची गोळी बरी, ती सहज सरकते. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या कर आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत टॉर्च मारून आत बघ. नेम धरताना 'टुप्प' आवाज आला तर हात थांबव, नळी बघ. आणि रक्षणासाठी खिशात ठेवायची काडतुसं कारखान्याचीच विकत घे, वर्षाला बदल, आणि त्यांना तेल लावू नकोस."

आठ दिवस काही उत्तर नाही. वाटलं, म्हाताऱ्याच्या लेक्चरला कंटाळला. मग एक फोटो आला. लाकडी ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या, वरून टॉर्चचा उजेड, प्रत्येकीत दारू एका पातळीवर. पण दुसऱ्या ओळीतल्या चौथ्या पुंगळीभोवती त्याने लाल गोल काढला होता. ती रिकामी होती.

खाली लिहिलं होतं : "मामा, ही वरून बघून कळली नसती."

फोटो आमच्या घरात दोघांनी मिळून पाहिला. सौभाग्यवती म्हणाल्या, "त्याला म्हणावं, ती रिकामीच बरी." त्यांच्या डोक्यातली दारू अजून वेगळीच आहे.

कॅप्टन साहेब आता नाहीत. त्यांच्या नळीतून काढलेली ती शिशाची गोळी, एका बाजूला चेपलेली, अजून माझ्या टूलबॉक्सच्या कप्प्यात आहे. कुणी "चलेगा?" विचारलं की आधी ती हातात घेतो.