अंधाराचा वाटा

दुर्बिणीतून आकाश दाखवण्याचे कार्यक्रम मी गेली पंधरा वर्षे स्वयंसेवक म्हणून करीत आलो आहे. आपण लोकांना काहीतरी देतो आहोत, ही सुखद भावना त्यामागे कायम होती. ती तपासून पाहण्याची वेळ आली २०२३ च्या ऑक्टोबरात, लडाखमधील हानले गावी.

या गावाजवळच्या डोंगरावर, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. ती चालवली जाते बंगळुरूजवळच्या होसकोटेहून, उपग्रहाच्या दुव्याने. २०२२ मध्ये भोवतालचा सुमारे हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून अधिसूचित झाला. याचा रोजच्या जगण्यातला अर्थ असा, की खिडक्यांना जाड पडदे लावायचे, दिव्यांचा प्रकाश खाली वळवायचा, रात्री गाडीचे प्रखर दिवे लावायचे नाहीत. विज्ञानासाठी गावाने आपला उजेड आवरला. त्याच वेळी संस्थेने गावकऱ्यांपैकी चोवीस जणांना आकाशदर्शनाचे शिक्षण दिले, दुर्बिणी दिल्या. त्यांत स्त्रियाच अधिक. आलेल्या पाहुण्यांना तारे दाखवून त्या आज चार पैसे मिळवतात.

सर्वपित्री अमावास्येच्या आगेमागेची रात्र होती. थंडीने बोटे बधिर झालेली. हातमोजा शोधण्यासाठी मी मोबाईलचा दिवा लावला, आणि दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या ताईंनी शांतपणे सांगितले, “दिवा बंद करा. आता वीस मिनिटे थांबावे लागेल. सगळ्यांनाच.”

पंधरा वर्षे लोकांना प्रकाशप्रदूषणावर व्याख्याने देणारा मी ओशाळून उभा राहिलो. रांगेतले कोणी काही बोलले नाही. हळूहळू डोळे अंधाराला सरावले आणि देवयानी दीर्घिकेचा धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसू लागला. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला तो प्रकाश, आणि माझ्या एका बटणाने तो अनेकांच्या डोळ्यांतून पुसला होता.

नंतर त्यांनी शनी दाखवला. कडी पाहून मी नेहमीच्या सवयीने काही समजावून सांगू लागलो, तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, “वरच्या घुमटात काय बघतात, ते आम्हाला पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते. दिवे मंद ठेवा, एवढेच ठाऊक होते.”

त्या वाक्याने माझी पंधरा वर्षे उलटी करून दाखवली. आकाशदर्शन हे अज्ञांवर केलेले उपकार नव्हेत. अंधार लोकांनी राखलेला असतो. दुर्बिणीपाशी त्यांना त्यातला त्यांचा वाटा परत मिळतो, इतकेच.

आमच्या शहरात कार्यक्रमाच्या मैदानालगत एका सोसायटीचा प्रखर दिवा आहे. तो तासभर बंद ठेवावा म्हणून आम्ही दरवर्षी अर्ज करीत असू, आणि नकार पचवीत असू. २०२४ च्या राष्ट्रीय विज्ञानदिनी अर्ज केला नाही. सोसायटीच्या रहिवाशांनाच बोलावले आणि रांगेत पहिले उभे केले. गुरूचे चार चंद्र पाहून एक आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वॉचमनला हाक मारली.

दिवा विझला. आम्ही सर्वजण वीस मिनिटे थांबलो.