काकासाहेब का मेले?

‘कुंकू’चा शेवट कुणाला समजावून सांगायचा म्हणजे मला अजूनही वेळ लागतो. प्रभातचा हा चित्रपट 1937 चा, दिग्दर्शक व्ही. शांताराम. गोष्ट सरळ आहे. नातेवाइकांनी पैशासाठी फसवून नीराचं लग्न काकासाहेब या म्हाताऱ्या बिजवराशी लावलं. ती त्याला नवरा मानत नाही. अखेर काकासाहेब जीव देतात, आणि तिने तिला शोभेलशा माणसाशी लग्न करावं, असं लिहून ठेवतात. म्हाताऱ्याला पश्चात्ताप झाला, पोर सुटली, असं बहुतेक जण म्हणतात.

मी तो पहिल्यांदा पाहिला बोदवडला, दूरदर्शनवर. पार्श्वसंगीत नाहीच, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी. शेजारी आजी सरकी काढलेल्या कापसाच्या वाती वळत बसली होती. चित्रपट संपला तसा तिने हात थांबवला.

“काडी मोडून दिली असती त काय झालं असतं? मराले कायले गेला?”

आमच्यात काडीमोड होती, पाट होता. पंच बसत, बाई मोकळी होई. आजीला ती शोकांतिका पटलीच नाही.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला जळगावला कायदा शिकताना सापडलं. विधवेला पुनर्विवाहाची मुभा 1856 पासून होती. घटस्फोटाचा कायदा बडोदे संस्थानात 1931 साली झाला, पण तो तिथल्यापुरता. नीराच्या पांढरपेशा घरात काडीमोडीची चालही नाही. म्हणजे नवरा जिवंत असेतो ती अडकलेली. देवलांच्या ‘शारदा’ नाटकात (1899) लग्न लागायच्या आत मोडतं. इथे अक्षता पडून गेल्यात. आणि काकासाहेब स्वतः वकील! त्यांना हे ठाऊक नसेल? काकासाहेब झालेल्या केशवराव दात्यांचा तो थकलेला चेहरा मला तेव्हापासून वेगळाच दिसतो.

तरी त्या शेवटावर माझा राग आहे. एक तर सुटकेआधी कपाळ पुसलं जाणार. आसोद्याच्या बहिणाबाई ऐन तिशीत विधवा झाल्या. कुंकू पुसल्यावर बाईच्या वाट्याला काय येतं, ते त्यांच्या कवितेत आहे. दुसरं म्हणजे, शांता आपट्यांची नीरा सबंध चित्रपटभर एकटी झगडते आणि तिची मोकळीक येते नवऱ्याच्या हस्ताक्षरात. तिने स्वतः कोर्टात अर्ज द्यायला हवा होता. पण मुंबई इलाख्यात हिंदू बाईला ती सोय मिळाली 1947 च्या कायद्याने, ‘कुंकू’ येऊन दहा वर्षं झाल्यावर.