पिल्लाचे पैसे

कुत्रं विकत मिळतं, ही गोष्ट आम्हा भावंडांना बरीच उशिरा कळली. सांगलीचा आमचा वाडा काय किंवा जतजवळचं आजोळ काय, कुत्री यायची ती कुणाच्या तरी परड्यातून, कडब्याच्या गंजीखालून, क्वचित शाळेच्या दप्तरातून. गल्लीतली कुत्री व्याली की बातमी फिरायची आणि पिल्लांचे डोळे उघडायच्या आत ती सांगून ठेवलेली असायची. तांबडं बंडूचं, पांढऱ्या पायांचं आमचं. मोत्या, टिप्या, राजा, वाघ्या अशी नावंही तयार असायची.

आजी पिल्लू रिकाम्या हाताने आणू द्यायची नाही. ज्यांच्या परड्यात कुत्री व्याली असेल त्यांच्याकडे आमच्यासोबत शेरभर ज्वारी आणि गुळाचा खडा जायचा. ‘बाळंतिणीला घाला,’ असा निरोप. म्हणजे दिलेलं ते पिल्लापोटी नसे, त्याच्या आईच्या खुराकासाठी असे. आणि अंगावरचं दूध सुटल्याशिवाय पिल्लू उचलायचं नाही, हा तिचा दंडक. २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले, त्यांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये असं कलम आलं. आजीचे ‘दीड-दोन महिने’ तेवढेच भरायचे.

मामाची पारख वेगळी. मागच्या पायांना वरच्या अंगाला जादा नख असलेलं, म्हणजे वीसनखी पिल्लू तो आधी बघायचा. मग मानेच्या कातड्याला धरून उचलायचा. कुईं करेल ते खाली, गप्प राहील ते आपलं. या परीक्षेत फारसं तथ्य नव्हतं. पण त्याआधी तो पिल्लाच्या आईकडे बराच वेळ बघत बसायचा. ती चालते कशी, दात कसे आहेत, भाकरी टाकणाऱ्या माणसाशी कशी वागते. ते बघणं मात्र खरं होतं. पुढे हजारो रुपये मोजून पिल्लं आणणाऱ्या आमच्यातल्या कितीजणांनी आधी आई बघायला मागितली?

एक आठवण अशी आहे की ती निघाली की आम्ही सगळेच गप्प होतो. सांगून ठेवलेली पिल्लं नर असायची. माद्या उरायच्या, आणि एखाद्या बाजाराच्या दिवशी त्या पोत्यात घालून कुठेतरी लांब सोडल्या जायच्या. मुलांनी विचारायचं नसे. कुत्रीची नसबंदी करता येते हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. दवाखाना होता तो गुरांचा. तिथले डॉक्टर बैलांचे खांदे आणि म्हशींची आचळं बघायचे, आणि कुत्रं नेलं तर वासराच्या मानाने अंदाजाने औषध द्यायचे.

शहरात कुत्र्यावर पहिला रोख खर्च व्हायचा तो पालिकेच्या बिल्ल्याचा. वर्षाचा परवाना काढायचा, पितळी बिल्ला मिळायचा, तो पट्ट्याला अडकवायचा. बिल्ला नसलेलं कुत्रं गाडीत जायचं आणि गाडीत गेलेलं परत आलेलं आम्ही कधी पाहिलं नाही. भटकी कुत्री मारणं हे तेव्हा ठिकठिकाणच्या पालिकांचं नेहमीचं काम होतं. २००१ च्या केंद्रीय नियमांनी त्याऐवजी नसबंदी आणि लसीकरण आणलं. आजोबा वाड्यातल्या मोत्याबरोबर गल्लीतल्या कुत्र्यांचेही बिल्ले काढायचे, तेही पेन्शनीतून. मालक म्हणून स्वतःचं नाव लावायचे. आजी म्हणायची, “अहो, ती काय आपल्या घरात झोपतात?” आजोबा म्हणायचे, “झोपू देत कुठंही. नाव आपलं लागलं म्हणजे झालं.” त्यांच्या खणातल्या त्या पावत्या आम्ही अजून टाकलेल्या नाहीत. आज ज्याला सगळे रेस्क्यू म्हणतात, ते आमच्या घरात त्या पावत्यांनी सुरू झालं.

कुत्र्यापायी भीतीही तितकीच मोजावी लागायची. पोटात चौदा इंजेक्शनं, हे शब्द आमच्या पिढीच्या कुणासमोरही उच्चारून बघा. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी रेबीजची लस २००५ च्या सुमाराला देशातून हद्दपार झाली, पण थोरल्या भावाला रोज हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेणारी आई आम्हांला अजून दिसते. कुत्र्याला लस टोचून घेतली तर माणसावर ही वेळ येत नाही, हे साधं गणित तेव्हा घरोघर पोचलेलं नव्हतं.

आजोळच्या शेतावर मात्र वेगळीच कुत्री होती. कारवानी. लांब तोंड, आत ओढलेलं पोट, उंच पाय, आणि पळायला लागलं की चारी पाय जमिनीपासून सुटलेले. कानांवर, शेपटीवर रेशमी केस असले की ते पश्मी. जत, मंगळवेढा, पलीकडे विजापूरपर्यंतच्या धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी ही जात कसल्याही कागदाशिवाय सांभाळली. सीमेपलीकडे मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी याच घराण्यातल्या कुत्र्यांना नाव मिळवून दिलं. त्यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला जोडी भेट दिली होती, आणि २००५ साली भारतीय कुत्र्यांच्या टपाल तिकिटांत मुधोळ हाउंड आला. मामाने कारवानीची जोडी आणली तेव्हा एक पाट दिली होती, दुभती शेळी नव्हे, वर्षाची पाट. मामी त्या पाटीसाठी आठवडाभर धुसफुसत होती. ससे धरण्यासाठी ही कुत्री पाळायचे, ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद पडलं, आणि मग ती राखणीला उरली. या कुत्र्यांना घरात कोंडणं आम्हांला कधीच रुचलं नाही. आता फ्लॅटमध्ये मुधोळ पाळणारे भेटतात तेव्हा मी आधी विचारते, याला पळायला कुठे नेता?

पैसे देऊन आणलेलं पहिलं कुत्रं काकांचं. ऐंशीचं दशक, बँकेची कॉलनी, आणि मिरजेहून आणलेलं पांढरंशुभ्र पामेरियन. सातशे रुपये. सातशे हा आकडा घरात कितीतरी दिवस दबक्या आवाजात बोलला गेला. त्यात वर्षभराचा गहू आला असता. खरं तर आपल्याकडे पामेरियन म्हणून विकली गेलेली बहुतेक कुत्री इंडियन स्पिट्झ, उन्हाला टिकणारी, दहीभातावर वाढणारी. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला आणि त्यातल्या कुत्र्यावरून घराघरांत टफी झाली, पण काकूची चिंगी त्याच्या आधीची. ती आठवड्याच्या आत गेली. पार्व्हो. १९७८ च्या सुमाराला जगभर पसरलेला तो विषाणू आमच्या गावात पोचला होता, लस पोचली नव्हती. रक्ताची हगवण, सलाइन, आणि पहाटे सगळं संपलेलं. काकूने दोन दिवस अन्न घेतलं नाही. आणि समाचाराला येणारा जो तो म्हणे, “अरेरे, सातशे रुपये गेले!” मोत्या गेला तेव्हा असं कुणी बोललं नव्हतं. काकूला ते इतकं लागलं की पुढे तिने कुत्रं आणलं ते बाजारपेठेतलं, पाय मोडलेलं, आणि कुणी किंमत विचारली की उत्तरच द्यायची नाही.

मग लॅब्रॅडॉरचे दिवस आले. त्याला एक कारण झंजीर. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या या कुत्र्याने ३,३०० किलोहून जास्त आरडीएक्स हुंगून काढलं. नोव्हेंबर २००० मध्ये तो परळच्या जनावरांच्या इस्पितळात हाडांच्या कर्करोगाने गेला आणि पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. वर्तमानपत्रातला तो फोटो आईने कापून गीतेच्या पुस्तकात ठेवला होता. त्यानंतर प्रत्येक सोसायटीत एक तरी पिवळा किंवा काळा लॅब दिसू लागला, आणि पाठोपाठ कंबरेच्या सांध्याचा आजार, सुटलेली पोटं, चिघळलेले कान. झंजीरसारखं काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. ती दिवसभर घरात एकटी असायची.

आणि पग. २००३ मधली हच मोबाइलची जाहिरात आठवत नाही असं आमच्या पिढीत कुणी नसेल. मुलाच्या मागोमाग चालणारं ते छोटं, सुरकुतलेलं तोंड. धाकट्या भावाने कोथरूडच्या घरी आणला तेव्हा बारा हजार मोजले. सोबत केनेल क्लबचं प्रमाणपत्र, त्यावर आजा-पणजीची नावं. गुंड्या फार गोड होता. त्याच्यावर आमचा जीव होता, म्हणूनच हे लिहिते आहे. एप्रिल लागला की त्याला श्वास पुरायचा नाही. ओले टॉवेल, फरशीवर बर्फाच्या पिशव्या, आणि शेवटी एसी, जो त्याच्या किमतीहून महाग पडला. नाकावरच्या घड्या रोज पुसायच्या, नाहीतर कुजायच्या. डोळे इतके बाहेर की कुंडीतलं पान लागून बुबुळाला जखम झाली. २००८ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी हिशेब मांडला की ब्रिटनमधल्या सुमारे दहा हजार पगांमधलं जनुकांचं वैविध्य जेमतेम पन्नास कुत्र्यांइतकं आहे. प्रमाणपत्रावरच्या आजा-पणजीच्या नावांचा अर्थ भावाला तेव्हा उमगला. ज्या चपट्या नाकासाठी बारा हजार दिले, त्याच नाकाने तो जन्मभर घुसमटत होता. मला वाटतं, यात फसवणूक विकणाऱ्याची होती तितकीच विकत घेणाऱ्यांच्या आवडीचीही होती, आणि ती आवड अजून सुटलेली नाही.

कागदपत्रांचं कुत्रं आणि सोडवलेलं कुत्रं अशा दोन जाती आहेत असं लोक बोलतात. माझी भाची पुण्यात कुत्र्यांना तात्पुरता आसरा देते. पण तिच्याकडे येणारी कैक कुत्री एकेकाळी महागाने विकत घेतलेली असतात. बदली झाली, बाळ झालं, केस फार गळतात. डेक्कनवर पट्ट्यासकट सापडलेला हस्की, वापरून झालेल्या आणि रात्री फाटकाशी बांधून ठेवलेल्या पैदाशीच्या माद्या. २०१७ चा नियम सांगतो की मादीला वर्षातून एकदाच वीण व्हावी आणि जन्मात पाचच. भाचीकडे आलेल्या एका लॅब्रॅडॉरचं पोट बघून डॉक्टर काही बोललेच नाहीत.

भाची पिल्लाचे पैसे घेत नाही. अर्ज भरून घेते, घर बघून येते, घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलते, लसीचं कार्ड आणि नसबंदीचं वचन घेते. घेणाऱ्यांना कधीकधी राग येतो. “फुकट देताय आणि वर एवढे प्रश्न?” ती शांतपणे सांगते की हे जनावर बारा-पंधरा वर्षं जगेल. तिची स्वतःची राणी गावठी, काळी, मादी; आमच्या लहानपणी पोत्यात गेली असती अशी. तिला रिक्षेने ठोकर दिली तेव्हा मागच्या पायात पट्टी बसवायला चाळीस हजार लागले. नातेवाइकांच्या ग्रुपवर बरीच चर्चा झाली, गावठी कुत्र्यावर चाळीस हजार म्हणजे काय. आईने ग्रुपवर काही लिहिलं नाही. फोन करून विचारलं, “चालेल ना गं ती?” आणि ठेवीच्या व्याजातून निम्मे पाठवले. सातशे रुपयांसाठी दबक्या आवाजात बोलणारं हेच आमचं घर.

चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो. त्याला इथलंच रस्त्यावरचं कुत्रं न्यायचं होतं. पण जुलै २०२१ मध्ये अमेरिकेने रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून कुत्री आणणं थांबवलं, त्या यादीत भारत होता. ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम आले. कुत्रं निदान सहा महिन्यांचं हवं, मायक्रोचिप हवी, लसीचे पुरावे हवेत. तोवर त्याने तिथल्याच निवाऱ्यातून एक तांबडी कुत्री घेतली होती, दक्षिणेकडच्या राज्यातून गाडीने आलेली. त्यासाठी काहीशे डॉलर भरले. डॉलर देऊन बेवारशी कुत्रं, म्हणून इथे सगळे चकित. त्याने पावतीचा फोटो पाठवला: लस, नसबंदी, जंताचं औषध, प्रवास. कुत्रीची किंमत म्हणून त्यात काहीच नव्हतं. मी त्याला लिहिलं, आजीच्या शेरभर ज्वारीचंच हे बिल आहे.

सध्या भाचीकडे दोन माद्या आहेत, चार महिन्यांच्या. एक तांबडी, एक काळी. आई होती तोवर नीट दूध प्यायलेल्या, लशी झालेल्या, माणसांत रमणाऱ्या. तांबडीसाठी फोन येतात. काळी कुणी मागत नाही, आणि दोघींना एकत्र द्यायचं असा भाचीचा हट्ट आहे. तो मला पटतो. पैसे लागणार नाहीत. घर बघायला ती येईल, आणि बहुधा मीही बरोबर असेन.