दोन पिकअप आणि एक एसी

मंडळाच्या मागच्या कार्यक्रमानंतर चहा घेताना गाड्यांच्या एसीवरून गप्पा निघाल्या आणि कोणीतरी म्हणाले, "तुमच्या त्या पिकअपची हकीकत एकदा अंकासाठी लिहून द्या." आम्हा दोघांपैकी एकही लेखक नाही. पण ती हकीकत आम्हाला थोडे शहाणे करून गेली, म्हणून हा प्रपंच.

गोष्ट १९९८ सालच्या उन्हाळ्याची. वादी कबीरला आमची सुतारकामाची छोटी शेड होती. स्वयंपाकघरातली कपाटे, दारे-खिडक्या अशी कामे घ्यायचो. धंदा अरबाबच्या नावावर, पिकअपही त्यांच्याच नावावर. चालवायचे आमचे मामा. मामा म्हणजे नात्याने कोणी नव्हे. रत्नागिरीकडचे, वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना मामा म्हणत आणि ते आम्हाला भाऊ आणि वहिनी.

पिकअप होती टोयोटा हायलक्स, १९८५ च्या सुमाराची. इंजिन अगदी ठणठणीत. पण गाडीचा सगळा जन्म सीब-बरका या समुद्राकाठच्या पट्ट्यात गेलेला. खाऱ्या, दमट हवेने केबिनचा पत्रा पोखरला होता. दाराखालच्या पट्ट्या बोटाने मोडत आणि पायाखालच्या भोकातून रस्ता दिसे. मामा त्यावर रबराची चटई टाकून गाडी चालवत. मुल्कियाचे नूतनीकरण जवळ आले होते आणि अशी गाडी तपासणीत पास होणार नाही, हे स्पष्ट होते. नवी घ्यायची ऐपत नव्हती.

अशात निझव्याकडची एक पिकअप भंगारात आल्याचे कळले. त्याच घाटाची, दोन वर्षांनी अलीकडची. इंजिन गेलेले, पण केबिन कोरडी खडखडीत. मस्कतपासून सुमारे १६० किलोमीटर आत, डोंगरापलीकडे समुद्राची खारी हवा पोहोचत नाही. तिथे गंज कमी; उन्हाने डॅशबोर्ड तडकतो आणि दाराचे रबर वाळून कडक होते, एवढेच. या गाडीत खजुराचा आणि बकऱ्यांचा वास मात्र कायमचा मुरलेला होता.

अशा गाड्यांची केबिन चासीवर जाड रबरी गुटके ठेवून बोल्टांनी बसवलेली असते. त्यामुळे ती उचलून दुसऱ्या चासीवर बसवता येते. आमची चासी आणि इंजिन तेच राहणार होते, म्हणजे त्यांचे नंबरही तेच. तरी अरबाबना आधी पोलिसांकडे विचारून यायला सांगितले. दोन्ही गाड्या पांढऱ्या, त्यामुळे रंगाचाही प्रश्न नव्हता. हे पहिले सांगण्याचे कारण असे, की असले काम करणाऱ्याने पाना हातात घेण्याआधी कागद हातात घ्यावेत.

अडचण एकच होती. आमच्या गाडीला एसी होता, निझव्याच्या गाडीला नव्हता.

गॅरेजच्या उस्तादांनी आम्हाला उभे करून समजावले. एसी म्हणजे एक डबा नव्हे. कॉम्प्रेसर इंजिनाला बांधलेला, पट्ट्यावर फिरतो. कंडेन्सर पुढे रेडिएटरच्या तोंडाशी. आणि ज्यातून गार हवा येते ती जाळी केबिनमध्ये, डाव्या-उजव्या बाजूला कुठे नाही तर थेट हातमोजांच्या कप्प्यामागे. म्हणजे केबिन उचलली की एसीचे दोन तुकडे झालेच. जुन्या केबिनमधली जाळी, तिचा डबा, नळ्या, बटण आणि वायरी काढून नव्या केबिनमध्ये घालायच्या, पुन्हा गॅस भरायचा. याचे वेगळे ४५ रियाल.

४५ रियाल त्या वेळी आम्हाला जड होते. मामांना विचारले. ते म्हणाले, "वहिनी, आमच्या गावाला कुठे होता एसी? काचा उघड्या ठेवल्या की झाले." खरे सांगायचे तर हे ऐकून आम्हाला बरे वाटले. त्यांनीच नको म्हटले, आपण काय करणार! उस्तादांना सांगितले, एसी राहू द्या.

चेनकप्पीने केबिन उचलली गेली, तेव्हा आमची बिचारी पिकअप पिसे काढलेल्या कोंबडीसारखी दिसत होती. स्टिअरिंगचा दांडा, ब्रेक आणि क्लचच्या नळ्या, अॅक्सिलरेटरची तार, स्पीडोमीटरची तार, वायरींचा जुडगा, सगळे सोडवून पुन्हा जोडायचे. उस्ताद प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून त्यावर खूण करत होते. चार दिवसांनी गाडी हातात आली. तपासणीतही पास झाली. आम्ही पेढे वाटले.

पुढच्याच आठवड्यात मामा तापाने आडवे झाले. बरक्याला कपाटे पोहोचवायची होती, तारीख दिलेली. म्हणून आम्ही दोघेच पिकअप घेऊन निघालो. जून महिना, दुपारची साडेबाराची वेळ.

अल खुवैरपर्यंत आम्ही हसत होतो. सीबच्या पुढे गप्प झालो. काच उघडली की भट्टीचे दार उघडावे तसा वारा तोंडावर येई. बंद केली की दम कोंडे. आपल्या त्वचेपेक्षा हवा गरम असली की वारा गारवा देत नाही, उलट भाजतो. मग भरवसा फक्त घामाचा, आणि किनाऱ्याच्या दमट हवेत तोही वाळत नाही. स्टिअरिंगला फडके गुंडाळावे लागले. बरक्याला पोहोचलो तेव्हा डोके गरगरत होते आणि एका वळणावर समोरची गाडी आम्हाला उशिराच दिसली होती. फेरी सुमारे दीड तासाची. मामा अशा दिवसाला तीन फेऱ्या करत.

गिऱ्हाइकाच्या ओट्यावर पाणी पिताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. बोलण्यासारखे काय होते? मामा नको म्हणाले ते त्यांना नको होते म्हणून नव्हे. पगार देणाऱ्यापुढे माणूस "मला हवे" असे सहजी म्हणत नाही, हे आम्हाला कळायला हवे होते. आम्हीही कोणाकडे तरी नोकरी करूनच इथवर आलो होतो.

संध्याकाळी तसेच उस्तादांकडे गेलो. त्यांनी काही न बोलता मागच्या फळीवरून जुन्या गाडीची जाळी आणि नळ्या काढल्या. सगळ्या तोंडांना बोळे घालून, प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवल्या होत्या! म्हणाले, "तुम्ही जुलैच्या आत याल हे माहीत होते."

निझव्याच्या केबिनमध्ये जाळीच्या जागी नुसता प्लॅस्टिकचा पोकळ डबा होता. तो काढला की आमचा डबा तिथे बरोबर बसला. इंजिनाकडच्या पत्र्यात नळ्यांसाठी भोकही कंपनीनेच ठेवलेले, वर झाकण लावलेले. ओलावा शोषणारी बाटली, म्हणजे ड्रायर, मात्र नवी घ्यावी लागली. यंत्रणा उघडली की ती बदलायचीच, असे उस्ताद म्हणाले. आधी पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढली, मग गॅस भरला. तो जुना आर-१२ होता. हा गॅस ओझोनच्या थराला घातक, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार पुढे तो बंद होत गेला. त्या जागी आलेल्या आर-१३४ए ला तेलही वेगळे लागते. जुन्यात नवा मिसळून चालत नाही.

एक गंमत राहिलीच. पहिल्या दिवशी मामांच्या शेजारच्या सीटखाली तळे साचले. जाळीवर जमणारे पाणी बाहेर सोडणारी नळीच लावायची राहिली होती. ती लावल्यावर गाडीखाली थेंब थेंब पाणी पडू लागले. मामा थोडे दिवस गेल्यावर म्हणाले, "वहिनी, आता दुपारचा डबा गाडीतच खातो. जेवण जाते." म्हणजे आधी जात नव्हते.

पुढे २००८ साली ओमानमध्ये नियम आला, की जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचे काम बंद ठेवायचे. फार चांगले झाले. २०१८ च्या जूनमध्ये कुरियातला तर एका दिवसाचे किमान तापमान ४२.६ अंश होते, म्हणजे रात्रीसुद्धा पारा त्याखाली उतरला नाही. पण बंद केबिनमध्ये बसलेला ड्रायव्हर उघड्यावर आहे असे कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. ते ज्याची गाडी त्यालाच दिसायला हवे.

मामा केव्हाच गावी परतले. पिकअपही गेली. आम्हाला मात्र अजून सवय आहे. दुपारी कुठली जुनी पिकअप उभी दिसली, की आधी तिच्याखाली पाणी पडते आहे का ते पाहतो.