भोजनानंतरची शाळा

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की आपल्या घरांत खर्चाच्याही आधी जेवणाचा प्रश्न उभा राहतो. बँकेत असताना परदेशी रक्कम पाठविण्याचे अनेक अर्ज माझ्या हातून गेले. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका व्यक्तीला आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत पाठविता येतात, हे मी कितीतरी पालकांना सांगितले. पण मुलगी ज्या घरात उतरणार, तेथील चुलीचे काय, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नव्हते.

धाकट्या बंधूंचा मसाल्याचा व्यापार आहे. त्यांच्या कन्येने स्पेनमधील सालामांका येथे सप्टेंबर ते डिसेंबर राहून स्पॅनिश शिकण्याचे ठरविले, तेव्हा हा प्रश्न आमच्याच बैठकीत आला. स्पॅनिश ही 20 देशांची राजभाषा. मेक्सिकोपासून आर्जेंटिनापर्यंत दुभाष्यावाचून सौदा करता यावा, हा तिचा हेतू. सालामांकाचे विद्यापीठ 1218 साली स्थापन झालेले. 1492 मध्ये स्पॅनिश भाषेचे पहिले व्याकरण प्रसिद्ध करणारे नेब्रिहा तेथेच अध्यापक होते. गावाबद्दल कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती स्थानिक कुटुंबात राहण्याला. मातोश्री म्हणाल्या, “मुलगी भाषा शिकून येईल, पण नेम मोडून येईल.”

मी मातोश्रींना आपल्याच घराण्याची आठवण दिली. आपले पूर्वज मुलाला चौदाव्या-पंधराव्या वर्षी परमुलखातील पेढीवर धाडीत. तो तेथेच राही, गिऱ्हाइकाशी बोलून भाषा शिके आणि नेमही सांभाळी. घरी मारवाडी, दुकानात मराठी, कर्नाटकात कन्नड, ही आपली रीत कोणत्या शाळेने शिकविली? मातोश्री बराच वेळ गप्प राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “काय खाणार नाही, ते आधी लिहून कळवा.”

ते लिहिणे हाच तिचा पहिला धडा ठरला. ‘नो कोमो कार्ने’, म्हणजे मी मांस खात नाही, एवढे म्हणून तेथे भागत नाही. मासे, क्वचित हॅमसुद्धा अनेकांच्या लेखी त्यात येत नाही. म्हणून मासे, अंडी, कांदा, लसूण, बटाटा असा एकेक पदार्थ नाव घेऊन लिहावा लागला. कर्जाच्या करारात मोघम शब्द किती महाग पडतो हे मला ठाऊक होते. ती यादी मी दोनदा तपासली.

यजमानीणबाई वयस्कर, मुलगा-सुनेसह राहणाऱ्या. सालामांकाजवळच्या आर्मुन्या भागातील मसूर नामांकित आहे. एरवी त्यात मांसाचे तुकडे घालतात; हिच्यासाठी बाई वेगळ्या भांड्यात साधा मसूर शिजवीत. दुपारचे जेवण तेथे दोन-तीन वाजता होते, ते निभावले. खरी अडचण रात्रीची. तेथे रात्री नऊनंतर जेवतात आणि हिचा चौविहार. ऑक्टोबरअखेर घड्याळे मागे गेली की सूर्यास्त सहाच्या सुमारास होऊ लागतो. वर्गातून परतून ती घाईने जेवून घेई आणि खोलीत बसे. बाईंना वाटले, मुलगी आपल्याला परके मानते. त्यांनी स्पष्टच विचारले.

तेव्हा सूर्यास्त, सूक्ष्म जीव आणि नेम हे सारे तिने मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये अर्धा तास समजावले. एवढे सलग ती त्या भाषेत प्रथमच बोलली. बाई म्हणाल्या, “जेवू नकोस, पण ताटे उचलल्यावर येऊन बसत जा.” भोजनानंतर टेबलाशी रेंगाळून गप्पा मारण्याला तेथे ‘सोब्रेमेसा’ असा खास शब्द आहे. त्या दिवसापासून पाण्याचा थेंबही न घेता ती रोज त्या बैठकीला बसू लागली.

भाषा तेथेच उलगडली. ‘मे गुस्ता’ची रचना थेट आपल्या ‘मला आवडते’सारखी, इंग्रजीभाषक वर्गमित्र तेथे अडखळत, ही सहज पुढे जाई. आपल्या एका ‘आहे’साठी मात्र तेथे ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे. स्थूलमानाने पहिले मूळ स्वरूप सांगते, दुसरे बदलती अवस्था. तिने फोनवर विचारले, “काका, हे द्रव्य आणि पर्याय नव्हे का?” तुलना काटेकोर नसेल, पण तिच्या ध्यानात राहण्यास पुरेशी होती. साखरेचा ‘आसूकार’ मूळ संस्कृत शर्करेपासून फारसी-अरबीमार्गे तेथवर पोचला, हे ऐकून बाईंनाही नवल वाटले.

मुलांना पाठविणाऱ्या कुटुंबांना माझे एवढेच सांगणे आहे. वर्गाच्या शुल्काइतकीच चौकशी राहण्याच्या घराची करा. नियम मोघम न ठेवता नावानिशी कळवा. आणि नेमाचे कारण मुलांना मराठीत नीट सांगता येते ना, हे घरीच पाहा. मातृभाषेत जे उमगले नाही, ते परभाषेत समजावता येत नाही. आमच्या मुलीला ते सांगता आले, म्हणून तिचा नेमही राहिला आणि ते घरही तिचे झाले.