एक अक्षर, दोन उच्चार

बदलीच्या गावाची लिपी आपलीच असावी, हे भाग्य खरे. पण घरी मुलांना मराठी वाचन शिकवू लागले की या भाग्याची दुसरी बाजू ध्यानात येते. लखनौच्या आमच्या विकासनगरातील मुले 'क से कबूतर' शिकून घरी येतात. घरी तोच 'क' कमळाचा होतो, आणि इथवर काही बिघडत नाही. अडचण सुरू होते ती चवर्गापाशी.

'चार' आणि 'पाच' या लागोपाठच्या संख्या. पण पहिलीतला च तालव्य, तर दुसरीतला दंततालव्य. 'चिंच' या एवढ्याशा शब्दात दोन्ही च एकत्र नांदतात. 'माझा'मधला झ निराळा, 'माझी'मधला निराळा. छापील अक्षरावर या भेदाची खूण नसते. त्यामुळे माझी सात वर्षांची मुलगी 'पाच' हा शब्द न अडखळता वाचते, आणि ऐकणाऱ्याला तो हिंदी वाटतो. 'ज्ञान'चे 'ग्यान' होते, 'ऋषी'चा 'रिषी' होतो. 'ळ' तर तिच्या शाळेतल्या वर्णमालेत नाहीच; आणि मराठीतही तो शब्दारंभी येत नसल्यामुळे 'ळ बाळाचा' असा शब्दाच्या शेपटाकडून शिकवावा लागतो.

वाचन शिकविण्याच्या पद्धती अनेक आहेत. कोणी बाराखडीपासून आरंभ करतो, कोणी आधी अख्खा शब्द दाखवून मग त्याची अक्षरे सोडवितो. माँटेसोरी पद्धतीत मूल खरखरीत अक्षरावरून बोट फिरविते आणि त्याच वेळी त्याचा ध्वनी ऐकते. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापून हे बालशिक्षण आपल्याकडे रुजविले. परंतु यांतील कोणतीही पद्धत घेतली, तरी त्या भाषेचे ध्वनी मुलाच्या कानात आधीच वसलेले आहेत, हे तिने गृहीत धरलेले असते. पुण्यात ते काम आळीतली मुले आणि भाजीवाल्या बायका करतात. येथे ते एकट्या घरावर पडते.

म्हणून संध्याकाळी कचेरीतून आल्यावर आम्ही दोघे शब्द वाटून घेतो. चाक, चूल, चोच एका हाताला; चिमणी, चेंडू दुसऱ्या हाताला. इ, ई, ए हे स्वर लागले की च तालव्य, एवढा नियम तिला आता उमगला आहे. 'चार' आणि 'चारा' यांना मात्र असा नियम नाही. तेथे कानावरच भिस्त. उद्या बदलीचा हुकूम आला, तर शाळा बदलेल, कदाचित तिथली लिपीही बदलेल. कानात साठलेले तेवढे बरोबर येईल. आपल्यासारख्यांच्या घरी मराठी वाचनाचा पहिला धडा पुस्तक मिटूनच द्यावा, असे मला वाटते.