सुकट निवडताना

"एवढी शिकलीस, आणि सुकटच निवडतेस?" आजीने विचारलं तेव्हा मी संशोधनाला लागून तीन वर्षं झाली होती. तिला मी प्रयोगशाळेतला माझा फोटो दाखवला होता: समोर काचेची बशी, हातात बारीक सुई, मान खाली. आजीची बसायची तऱ्हा थेट तीच. मे संपताना पोलादपूरच्या बाजारातून अगोटीची सुकट आली, की ती सूप घेऊन ओसरीवर बसायची. काडी, शिंपल्याचा तुकडा, चुकून आलेलं माशाचं पिल्लू वेगळं काढायची. आंबेनळी घाटात दरड कोसळली, नदी फुगली, बाजार बंद पडला, तरी डब्यातली सुकट आणि भाकरी असायचीच.

मी तिला म्हटलं, "हो आजी, सुकटच."

त्यात थट्टा नव्हती. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, जवळा हा प्लवकांतलाच प्राणी, आणि मी प्लवकच निवडून मोजते. पाण्यात तरंगणारं, प्रवाहाविरुद्ध जायची ताकद नसलेलं ते सारं प्लवक. जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी 1887 मध्ये भटकणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'प्लँक्टन' हे नाव रूढ केलं. इथे आकाराला महत्त्व नाही. हातभर जेलीफिशही प्लवक आणि साध्या डोळ्यांना न दिसणारे डायाटम, म्हणजे एकपेशीय शेवाळ, तेही प्लवक.

आमच्या कामाची सुरुवात जाळ्यापासून होते. शंकूच्या आकाराचं नायलॉनचं जाळं, निमुळत्या टोकाला बाटली. वनस्पतिप्लवक हवे असतील तर 20 मायक्रॉनचं भोक, प्राणिप्लवकांसाठी साधारण 200. भोक बदललं की समुद्र बदलतो. मोठ्या भोकाच्या जाळ्यात डायाटम सापडले नाहीत, म्हणून ते पाण्यात नव्हते असं म्हणता येत नाही. जाळ्याच्या तोंडाशी एक छोटा पंखा बसवतात. त्याच्या फेऱ्यांवरून किती पाणी गाळलं ते कळतं. तो आकडा लिहायला विसरलं, तर बाटलीत काय आहे हे सांगता येतं, किती आहे हे मात्र नाही.

मग मोजणी. एक मिलिलिटर पाणी मावणारी काचेची खाच, तिच्यावर आखलेले हजार चौकोन. एकेक चौकोन बघायचा आणि मोजणीयंत्राचं बटण दाबायचं. डायाटमांतला कॉसिनोडिस्कस गोल, चाळणीसारखा. कीटोसेरॉसची साखळी, दोन्ही बाजूंना लांब केस. कोपेपॉड हा इवला प्राणिप्लवक ओळखायचा त्याच्या पुढच्या लांब मिशांवरून. पहिल्या वर्षी पुस्तक उघडं ठेवूनही चुका होत. नंतर आमच्याकडच्या धनगराला कळपातली शेळी ओळखू यावी तशी नजर बसते. ही नजर कुणी शिकवू शकत नाही, मान दुखेपर्यंत बसावं लागतं.

पहिली मोठी चूक मात्र मोजणीतली नव्हती. सावित्रीच्या खाडीत, आंबेतजवळ, मी सोयीच्या वेळी नमुने घेतले आणि वहीत ठोकून दिलं, 'डायाटम तुरळक.' होडीवाले चाचा माझी घाई बघत होते. "ओहोटीचं पाणी बघितलंस. भरतीचं कोण बघणार?" ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी वरून वाहतं, जड खारं पाणी खालून शिरतं. एकाच जागी सहा तासांच्या अंतराने दोन वेगळ्या नद्या भेटतात. मी एकीला भेटून दुसरीबद्दल लिहिलं होतं.

तेव्हापासून माझ्या वहीत तारखेशेजारी तिथी असते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीचा भांग. सावित्रीकाठच्या महाडच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. 22 जुलै 2021 ला महाड बुडालं, तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. वरून पूर येत होता आणि खालून समुद्र त्याला वाट देत नव्हता.

सावित्री महाबळेश्वरच्या माथ्यावरून निघते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. आम्हाला शाळेत एवढंच शिकवलं होतं. ती सोबत काय नेते, हे मला सूक्ष्मदर्शकाखाली कळलं. डायाटमचं कवच सिलिकाचं, म्हणजे जवळजवळ काचेचंच असतं. ही सिलिका येते खडकातून. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. ते सह्याद्रीचा काळा पाषाण कणाकणाने विरघळवतं आणि नद्या ते द्रावण समुद्रात ओततात. डायाटम त्यातून आपलं घर घडवतात. त्यांना कोपेपॉड खातात, दोघांनाही जवळा खातो, जवळ्याला बोंबील. मग डोल जाळ्यात सापडलेला जवळा वाळतो, पोत्यात भरला जातो आणि घाटाच्या पायथ्याशी पोलादपूरच्या बाजारात येऊन बसतो.

ही साखळी कायमची बांधलेली नाही. 2014 मध्ये समुद्रशास्त्रज्ञ हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस, गोव्याचे प्रभू मातोंडकर आणि सहकाऱ्यांनी लिहिलं, की अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात डायाटमची जागा हिरवा नॉक्टिल्युका हा दुसरा प्लवक घेतो आहे. कमी ऑक्सिजनचं पाणी त्याला मानवतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. असा बदल ध्यानात यायला आधीची नोंद लागते. 1960 च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक देशांच्या जहाजांनी एकाच मापाच्या जाळ्याने प्राणिप्लवक गोळा केले. ते नमुने कोचीनला निवडले गेले. त्याच मोहिमेतून 1 जानेवारी 1966 ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. कोचीनला बशीवर वाकून बसलेल्या त्या माणसांना आपण कशाशी तुलना करायला आकडे ठेवतोय, हे कुठे ठाऊक होतं? तरी त्यांनी नीट निवडलं.

त्या दिवशी आजीला मी हे सगळं सांगितलं, दगडापासून बोंबलापर्यंत. ती ऐकत होती, हात चालूच होते. निवडून झाल्यावर तिने सुकट तीन पाण्यांत धुतली. पातेल्याच्या तळाशी बोटभर रेव उरली. ती बोटांत चोळून बघत म्हणाली, "मग ही आपलीच की गो," आणि परसातल्या अळवाच्या बुंध्याशी ओतून आली.